दोन्हीकडे नऊ इंच

अ‍ॅल्युमिनियमला भोक पाडायला अक्कल लागत नाही. ड्रिल टेकवलं की जातं. अक्कल लागते ती भोक कुठे पाडायचं हे ठरवायला. लाकडात चुकलेलं भोक खुंटी ठोकून बुजवता येतं, भिंतीतलं पुट्टी भरून, पण पत्र्यातलं भोक म्हणजे कायमचं. मी अडतीस वर्षं अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवतोय. धंद्यातले लोक मला माझ्यामागे 'अर्धासूत' म्हणतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि खिडकी त्याच्या अर्ध्याने जरी तिरकी बसली तरी मी ती उतरवायला लावतो. म्हणू देत. त्यांनी बसवलेल्या खिडक्यांतून वारा येतो, माझ्या खिडक्यांतून येत नाही.

हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी काय दिवे लावले ते नीट कळेल.

बुधवारी सकाळी ताईचा फोन आला. "तुझ्याकडे ड्रिल आहे ना? उद्या ये. बोटीला गळाच्या काठ्यांचे होल्डर बसवायचेत." कसा आहेस नाही, काही नाही. ताई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. माझं नाक पुसण्यापासून माझं लग्न ठरवण्यापर्यंत सगळं तिने केलं, त्यामुळे तिला माझी चौकशी करायची गरजच वाटत नाही. मी कसा आहे ते तिला माझ्या 'हॅलो'वरून कळतं.

बोट दाजींची. बारा फुटांची, पत्र्याची, दोघांनी धरून सहज उचलावी अशी. दाजी तिच्यातून मासे कमी पकडायचे आणि झोपा जास्त काढायचे. शेजारी बसून ताई शिकली. दाजी गेले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही बोट विकेल. तिने उलट बॅटरीवर चालणारी छोटी मोटर घेतली, पुस्तिका वाचून ती चालवायला शिकली आणि आठवड्यातून तीनदा एकटी तलावात जाऊ लागली. मासे आणायची तेही असे की शेजारचे विचारायचे, बाजारातून आणलेत का.

आता अडचण हाताची. ताईने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी त्याला मोठं नाव दिलं आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी थरथर थोडी कमी झाली, पण सुईत दोरा काही जाईना. गेल्या वर्षी तिने शिलाई मशीन देऊन टाकलं. त्या दिवशी ती कुणाशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे बोट घेऊन गेली. म्हणजे तिचं म्हणून जे काही उरलं होतं ते एवढंच होतं, ती बोट.

गुरुवारी मी गेलो तेव्हा बोट तिच्या घरामागच्या अंगणात दोन लाकडी घोड्यांवर सरळ ठेवलेली होती. ताईने ती धुवून, पुसून तयार ठेवली होती. होल्डरचा खोका मागच्या बाकावर. मी खोका उघडला. काळ्या जाड प्लास्टिकच्या दोन नळ्या, खाली चौकोनी बैठक, बैठकीला चार भोकं. सोबत दिलेले स्क्रू बघून माझं डोकंच फिरलं.

"हे लोखंडी स्क्रू आहेत," मी म्हणालो. "पाण्यात लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आलं की वर्षात पत्रा खाऊन टाकतं. आणि दीड मिलिमीटरच्या पत्र्यात नुसता स्क्रू पिळून ठेवला तर पहिल्या मोठ्या माशाबरोबर होल्डरही जाईल. ही माणसं काय विकतात, यांना तरी माहीत असतं का?"

"म्हणून तर तुला बोलावलं," ताई म्हणाली. "बडबड आटप आणि माप घे."

मी सांगितलं, स्टीलचे बोल्ट आणतो, आतून जाड पट्टी लावतो, मधे नायलॉनचे वॉशर टाकतो. ताई स्टुलावर चढून बोटीत गेली आणि मागच्या बाकावर बसली, तिच्या नेहमीच्या जागी, पाठीमागे मोटर. दोन्ही हात काठांवर पुढे सरकवून ती म्हणाली, "इथे. हात सरळ ठेवून, न वाकता पोचला पाहिजे."

"होल्डर हवेतच कशाला? इतकी वर्षं तर हातात धरायचीस."

तिने काठांवरचे हात मागे घेतले. मग म्हणाली, "मासा गळाला नुसता तोंड लावतो ना, तेव्हा काठीत एक बारीक थरथर येते. ती हाताला कळते. आता हातच थरथरतो. मासा आहे की मीच आहे ते कळत नाही. महिनाभर रिकाम्या हाताने येतेय. काठी स्थिर राहिली तर निदान डोळ्यांना दिसेल." तिने हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी टेप काढली आणि खाली बघून माप घ्यायला लागलो.

दोन्ही काठांवर कागदी चिकटपट्टी लावून मी पेन्सिलने खूण केली. मग पुठ्ठ्याचा साचा कापला, त्यात चार भोकांच्या जागा पाडल्या. आधी पुठ्ठा, मग पत्रा, ही माझी पद्धत. साचा घेऊन मी घरी आलो.

संध्याकाळी भाच्याचा फोन. ताईचा एकुलता एक मुलगा. लहानपणापासून प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा म्हणून आम्ही त्याला 'वकील' म्हणतो, पण नोकरी करतो विमा कंपनीत. दिवसभर लोकांचे अपघात वाचून वाचून त्याला जगात दुसरं काही दिसत नाही.

"मामा, आई तुझ्याकडून होल्डर बसवून घेतेय म्हणे."

"हो. उद्या बसवतो."

"नको बसवूस."

मी म्हटलं, हे तिला सांग. तो म्हणाला, "तिला सांगून झालं. सात वेळा. ती म्हणते, मी मरेन तेव्हा मरेन, तू जेवलास का. मामा, तिचा हात थरथरतो. तोल जातोय. मागच्या महिन्यात स्वयंपाकघरात पडली, तुला सांगितलं का तिने?"

नव्हतं सांगितलं.

"ती एकटी जाते," तो म्हणाला. "पाण्यात पडली तर मला संध्याकाळी कळेल. मामा, मला झोप लागत नाही रे." वकील असला तरी हे तो वाद घालायला बोलत नव्हता. मी त्याला खांद्यावर बसवून फिरवलेलं पोर ते, त्याचं बोलणं मला ऐकवेना.

"मग मी काय करू? नाही म्हणालो तर ती दुसऱ्या कुणाला बोलावेल."

"बसव. पण असे बसव की तिला जमणार नाही. जरा लांब. हात पोचला नाही की दोन दिवसांत कंटाळेल. सीझन संपत आलाच आहे. मग मी बोट विकून टाकतो. भांडण नको, रडारड नको."

इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच. मी विचार करतो म्हणालो आणि फोन ठेवला. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुमच्याच्याने होणार आहे का वाकडं काम? उगाच हात दाखवून अवलक्षण." मला राग आला. सरळ काम येणाऱ्याला वाकडं करणं काय अवघड, असं मला त्या वेळी वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला ताई पाण्याबाहेर हवी होती. तिच्याशिवाय माझं मागचं कुणी उरलेलं नाही. लहानपणीचं घर आठवणारं या जगात आता एकच माणूस आहे, आणि ते आठवड्यातून तीनदा पत्र्याच्या डब्यात बसून एकटं पाण्यावर जातं. मी ठरवलं, बसवायचे लांब.

शुक्रवारी ताई दवाखान्यात गेली होती. मागच्या दाराची किल्ली कुठे असते ते मला ठाऊक आहे. मी काठांवर साचा ठेवला, बरोबर खुणेवर, आणि तिथून तो नऊ इंच पुढे, तिच्या बाकापासून लांब सरकवला. एक वीत. कमी सरकवला तर ती वाकून घेईल, जास्त सरकवला तर डोळ्यावर येईल, असा हिशेब. पंचने भोकांच्या जागा ठोकून घेतल्या. आधी बारीक ड्रिल, मग सहा मिलिमीटरचं. भोकांच्या कडा कानशीने साफ केल्या, कीस झाडून काढला, कारण तो पत्र्याला चिकटून राहिला की चरे पाडतो. आतून पट्टी, नायलॉनचे वॉशर, स्टीलचे बोल्ट, भोकात सीलंट, लॉकनट. जुनी चिकटपट्टी सोलून खुणा पुसून टाकल्या. दोन तासांत काम झालं. मी होल्डर धरून हलवून पाहिले, बोटच हलली घोड्यांवर, होल्डर काही हलले नाहीत. काम नजरेत भरत होतं आणि मला बघवत नव्हतं. मी ताईला फोन करून सांगितलं, झालं, सीलंट वाळू दे, एक दिवस हात लावू नको.

ताई कुणाचं ऐकते?

शनिवारी सकाळी सात वाजता तिचा फोन. "ये." एवढंच. मी चहा अर्धा टाकून गेलो.

ती बोटीत बसली होती, मागच्या बाकावर. गळ्यात तिची शिवणकामाची जुनी पिवळी टेप. मशीन दिलं होतं पण टेप दिली नव्हती. तिने मला बघून दोन्ही हात पुढे केले. बोटांपासून होल्डरपर्यंत वीतभर जागा मोकळी.

"अरे," मी म्हणालो, "माप चुकलं वाटतं."

"चुकलं," ती म्हणाली. "किती चुकलं?"

"असेल सात-आठ इंच."

"नऊ. डावीकडे नऊ. उजवीकडे किती असेल?"

मी उजवीकडच्या होल्डरकडे बघितलं.

"उजवीकडेही नऊ. मी तीनदा मोजलं. हात थरथरतो म्हणून टेप दाताखाली धरून मोजलं." तिने टेप गुंडाळली. "मी चाळीस वर्षं बाह्या लावल्या. कापणं चुकलं तर दोन्ही बाह्या कधी सारख्या चुकत नाहीत. एक लांब होते, एक आखूड होते. दोन्ही सारख्याच आखूड झाल्या तर त्या कुणीतरी आखूड कापलेल्या असतात. तुला काय वाटतं?"

बायको म्हणाली होती तेच. मला वाकडंसुद्धा मापातच करता येतं. मी स्टुलावर बसलो आणि चोराच्या मनात चांदणं तसं झालं, कारण तिने अजून का केलंस असं विचारलंही नव्हतं आणि मी सगळं सांगून टाकलं. भाच्याचा फोन, स्वयंपाकघरातलं पडणं, बोट विकायचा बेत. ती ऐकत होती. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तो घाबरतो हे मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्याने घाबरावं, मुलगा आहे. पण तू मला हे सांगायचं होतंस. तोंडाने. 'ताई, जाऊ नकोस, मला भीती वाटते,' असं एकदा म्हणायचं होतंस."

"ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. पण तू म्हटलं असतंस ना."

मग ती म्हणाली, "आता इकडे बघ. तुला वाटलं हात पोचला नाही की मी कंटाळेन. मी कंटाळते का कधी? पाण्यावर असताना काठी वाकली असती, मासा लागला असता, आणि हात पोचला नसता तर मी काय केलं असतं?"

"काठी सोडून दिली असतीस," मी म्हणालो.

"उठले असते," ती म्हणाली. आणि ती उठली. घोड्यांवर ठेवलेली बोट ती, जमिनीवर, तरी तिच्या एका पावलाने डावीकडे कलली. तिने काठ पकडला. उजवा हात काठावर ठकठक आपटत होता. "अशी उठले असते आणि पुढे वाकले असते. लहान बोटीत उठायचं नसतं, ही पहिली गोष्ट तुझ्या दाजींनी मला शिकवली. जी माणसं पडतात ती उठलेली असतात."

ते मला माहीत नव्हतं. मी आयुष्यात त्या बोटीत बसलेलो नाही. मला खिडक्या कळतात, पाणी कळत नाही. मी तिला पाण्याबाहेर ठेवायला निघालो होतो आणि नऊ इंच मोजून तिला पाण्यात ढकलायची सोय करून ठेवली होती, आठ बोल्ट लावून, वर सीलंट मारून. मी म्हणालो, "ताई, चुकलो." आणि हे नुसतं म्हणायचं म्हणून नव्हतं.

"बस आता खाली," मी पुढे म्हणालो, कारण ती अजून उभीच होती. "आधी खाली बस."

ती बसली. "कर नीट. मी इथेच आहे. तुझा काही भरवसा नाही."

दिवसभर काम केलं. होल्डर काढले, ओला सीलंट खरवडला. आठ भोकं उघडी पडली. दोन्ही बाजूंना एकेक अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा कापून, खाली सीलंट लावून, रिव्हेट मारून ती झाकली. मग ताईने हात सरळ ठेवला, मी तिच्या बोटाच्या टोकाशी खूण केली, आणि साचा या वेळी खुणेवरच ठेवला. आतल्या बाजूने पाना धरायला दुसरा माणूस असला की सोपं जातं, शुक्रवारी मी एकट्याने पक्कड अडकवून भागवलं होतं. ताई म्हणाली मी धरते, डावा हात अजून शहाणा आहे. तिने डाव्या हाताने पाना धरला, मी बाहेरून बोल्ट आवळला. एकदा पाना निसटला आणि तिच्या बोटाला लागला. ती काही म्हणाली नाही, मीच शिव्या घातल्या. ड्रिलला, पान्याला, विमा कंपनीला.

"त्याला शिव्या देऊ नकोस," ती म्हणाली.

"त्याला नाही दिली."

"कंपनीला दिलीस ना. ती त्याचीच."

दुपारी मी भाच्याला फोन लावला. सांगितलं, तुझी युक्ती फसली, माझ्यामुळे फसली, आणि फसली ते बरं झालं. का बरं झालं तेही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उद्या येतो." येताना तो लाइफ जॅकेट घेऊन आला, भडक केशरी, नवीन, पट्ट्यांना अजून कंपनीचा कागद लटकलेला.

रविवारी चार वाजता आम्ही तिघं बोट घेऊन तलावावर गेलो. भाच्याने आईला जॅकेट घातलं, पट्टे आवळले, पुन्हा सैल केले, पुन्हा आवळले. ताई म्हणाली, "मी फुग्यासारखी दिसतेय." तो म्हणाला, "दिसू दे." ती म्हणाली, "तू जेवलास का?" यावर त्याने हात जोडले. मग तो म्हणाला, "आई, मीही येतो ना आज."

"नाही. आज मला बघायचंय."

काय बघायचंय ते तिने सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. तिने बॅटरी पुढे ठेवली, वजन सारखं व्हावं म्हणून. मागच्या बाकावर बसली. मोटर घुं करून सुरू झाली आणि ती गेली. फार लांब नाही, आम्हाला दिसेल इतकीच. आमच्यासाठीच ती तिथे थांबली असणार. तिने नांगर टाकला, दोन्ही काठ्यांना गळ लावले. गळ लावायला वेळ लागला. भाचा मिनिटं मोजत होता, मी त्याला म्हणालो, मोजू नकोस. मग तिने एक काठी डावीकडच्या होल्डरमध्ये ठेवली, एक उजवीकडच्या, न वाकता, न उठता. हात मांडीवर घेतले आणि बसली.

आम्ही काठावरच्या दगडावर बसलो होतो. तासभर काही झालं नाही. भाच्याने मला त्याच्या ऑफिसातल्या एका बाईचा किस्सा सांगितला, तोही अपघाताचाच. मी म्हटलं, तुला दुसरं काही सांगता येत नाही का? तो हसला. खूप दिवसांनी त्याला हसताना पाहिलं.

मग डावीकडची काठी वाकली.

ताई उजवीकडे बघत होती. पाण्यावर कुठलातरी पक्षी उतरला होता, त्याच्याकडे. काठीचं टोक एकदा खाली गेलं, वर आलं, पुन्हा गेलं आणि तसंच राहिलं. "आई," भाचा पुटपुटला, "आई, डावीकडे." इतक्या लांबून तिला काय ऐकू जाणार. भाचा उठला, मीही उभा राहिलो. पाच आकडे मोजले, दहा मोजले. काठी अर्धी वाकली होती, होल्डर तिला धरून होता. तेव्हा कुठे बोट थोडी कलली असावी, कारण ताईने वळून पाहिलं. तिने हात पुढे केला, हात पोचला. बसल्या बसल्या काठी उचलली, पोटाशी टेकवली आणि गरगर दोरी आत घ्यायला लागली. मासा वर आला तेव्हा भाच्याने चक्क टाळ्या वाजवल्या. हातभर लांब होता. मी त्याची पाठ थोपटली, त्याने माझी. बसली जागेवर, न उठता, एकटीने, आणि मासा मिळाला. आता काय हवं? माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

अर्ध्या तासात ती परत आली. आम्ही दोघांनी बोट धरली, तिला हात देऊन उतरवलं. मासा बादलीत होता. भाचा म्हणाला, "आई, जमलं की तुला. मी आपला उगाच." त्याने पुढचं वाक्य गिळलं, कारण ताई त्याच्याकडे बघत नव्हती. ती जॅकेटचे पट्टे सोडत होती, आणि ते तिला सुटत नव्हते. त्याने सोडवले.

"तुम्हाला आधी दिसलं ना?" ती म्हणाली. "मी वळले तेव्हा तुम्ही दोघं उभे होतात."

"हो," मी म्हणालो. "तू पक्षी बघत होतीस."

"मासा लागला आणि मी पक्षी बघत होते." तिने बादलीकडे पाहिलं. "काठावर बसलेल्या माणसांना आधी कळलं. माझ्या हाताला काहीच जाणवलं नाही रे. आधी तो नुसता चाटून जायचा तरी मला कळायचं, आतून कळायचं. आज हातभर मासा लागला, त्याने एवढी ओढाताण केली, आणि मला कळलं नाही. हा मासा होल्डरने पकडला. मी फक्त आत घेतला."

"आई, पहिलाच दिवस आहे," भाचा म्हणाला. "सवय होईल."

"सवय होईल म्हणूनच नको," ती म्हणाली. मग सरळ त्याच्याकडे बघून म्हणाली, "वीक बोट. चांगलं गिऱ्हाईक बघ, घासाघीस करणारं नको."

तो तिला नको म्हणायला लागला. इतके महिने जे मागत होता, तेच नको म्हणायला लागला. आई, घाई करू नकोस, आई, आपण बघू, आई, मी येत जाईन दर रविवारी. ती ऐकून घेत होती आणि मान हलवत होती. तिला समजवता येणार नव्हतं, ते आम्हा दोघांनाही कळत होतं. कारण या वेळी तिला कुणी फसवलं नव्हतं. तिने स्वतः जाऊन बघितलं होतं.

मग ती माझ्याकडे वळली. "काम मात्र चोख केलंस हो," ती म्हणाली. "एवढा जोर लागला, पण होल्डर जरासुद्धा हलला नाही."

अडतीस वर्षांत माझ्या कामाला कुणी चांगलं म्हटलं आणि मला इतकं वाईट वाटलं, असं कधी झालं नव्हतं. भाच्याला हवं होतं ते झालं होतं. मला हवं होतं तेही झालं होतं, ती आता पाण्यावर जाणार नव्हती. आणि मी, साठीला टेकलेला माणूस, तिथे उभा राहून ढसाढसा रडत होतो. भाचा दुसरीकडे बघत होता.

ताईने बादली उचलून माझ्या हातात दिली.

"रडायचं ते घरी जाऊन रड," ती म्हणाली. "आधी बोट वर घ्या दोघं. अंधार पडेल."